आपलंच शरीर, बघायची चोरी

आपलं शरीर दिसतं कसं, हे बहुतेक बायकांना फारसं माहीत नसतं. हे विधान उलटं वाटेल, कारण 'मी कशी दिसते' हा विचार बाईच्या डोक्यात दिवसभर घोळत असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. घोळत असतो, हे खरंच. पण त्या घोळण्यात बघणं फार थोडं असतं. मोजणं असतं, झाकणं असतं, फोटो काढताना श्वास धरून पोट आत घेणं असतं, दंड जाड दिसू नयेत म्हणून हात अंगापासून जरा लांब धरणं असतं. अंघोळीनंतर आरशासमोरून जाताना नजर चेहऱ्यावर टेकते, तिथून केसांवर जाते आणि निघून जाते. मानेखालचा सगळा मुलूख तसाच राहतो. पाठ तर अनेकींनी आयुष्यात धड पाहिलेली नसते.

ही चोरी मोडावी म्हणून काही फोटोग्राफर बायकांचे खासगी फोटो काढून देतात. कमी कपड्यांत किंवा कपड्यांविना, तिच्या मर्जीने आणि तिच्यासाठी. इंटिमेट फोटोग्राफी म्हणतात ती हीच. तिच्यावरच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. एक, "काय हे चाळे!" दुसरी, "किती धाडसी, किती सुंदर!" मला दोन्ही पटत नाहीत, आणि खरं सांगायचं तर दुसरीची मला जास्त काळजी वाटते. पहिली निदान उघड विरोध तरी करते. माझं म्हणणं असं आहे की हे फोटो काढणं चांगलं, पण बाईचं तिच्या शरीराशी जमवून देण्याचं काम फोटो करत नाही. ते काम फोटोच्या आधी आणि नंतर होणारं मोकळं बोलणं करतं. ते बोलणं वगळलं तर हातात एक महागडा अल्बम उरतो, आणि कधीकधी त्यासोबत एक नवा न्यूनगंड.

आधी फोटोचं बोलू. "माझा फोटो कधी चांगला येतच नाही" हे वाक्य इतक्या बायका इतक्या ठामपणे म्हणतात की त्यात काहीतरी तथ्य असणार. तथ्य आहेही. 1977 साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींचे फोटो काढले आणि प्रत्येकीच्या एकाच फोटोच्या दोन प्रती केल्या. एक सरळ, दुसरी डावं-उजवं उलटलेली. तरुणींचा कल आपल्या उलट्या प्रतीकडे होता, त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. आरशात आपल्याला रोज जो चेहरा भेटतो तो उलटा असतो, आणि डोळ्याला त्याची सवय झालेली असते. फोटोतली बाई तिला थोडी परकी वाटते, आणि त्या परकेपणालाच ती कुरूपपणा समजून बसते.

त्यात मोबाइलने भर घातली. चेहऱ्यापासून साधारण 30 सेंटीमीटरवर धरलेल्या कॅमेऱ्यात नाक दीड मीटरवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, असा गणिती हिशोब 2018 साली प्लास्टिक सर्जरीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. म्हणजे सेल्फीतलं नाक हा अंतराचा खेळ. शरीराचंही तेच. वाइड लेन्स जवळ आणून वरून फोटो काढला की जे जवळ ते फुगतं, लांबचं आक्रसतं. बाजूने कडक उजेड पाडला की मांडीवरची बारीकशी खळीही सावली धरते. तीच मांडी खिडकीतून पसरून येणाऱ्या उजेडात जवळजवळ सपाट दिसते. दोन्ही फोटो खरेच असतात. जाणकार फोटोग्राफर ही गंमत बाईला सुरुवातीलाच करून दाखवतो. तिचाच हात, दोन उजेडांत आणि दोन अंतरांवरून. पाच मिनिटांचं काम आहे. पण 'मी अशी दिसते' म्हणून ती जे इतकी वर्षं धरून बसली, ते कुणीतरी कुठेतरी उभं राहून पाहिलेलं एक दृश्य होतं, हे तिला व्याख्यानाशिवाय कळतं.

आता बोलण्याकडे येते. एकत्र बघायचं आणि बघितल्यावर बोलायचं, ही कल्पना स्टुडिओवाल्यांनी शोधलेली नाही. 1969 साली बॉस्टनमध्ये काही बायका डॉक्टरांबद्दलच्या तक्रारी सांगायला जमल्या आणि बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला आपल्याच शरीराची माहिती नाही. मग एकेकीने एकेक विषय वाटून घेतला, अभ्यास केला आणि बाकीच्यांना समजावून सांगितला. त्यातून 1970 मध्ये 193 पानांची पुस्तिका निघाली, आणि पुढे तीसहून अधिक भाषांत तिची रूपांतरं झाली. 1971 साली लॉस एंजेलिसमध्ये स्त्री-आरोग्य चळवळीतल्या कॅरोल डाउनर यांनी प्लास्टिकच्या स्पेक्युलमने, म्हणजे योनी उघडून आत पाहायच्या साधनाने, स्वतःच्या गर्भाशयाचं मुख जमलेल्या बायकांना दाखवलं. काय तो गहजब! पुढच्याच वर्षी, दुसऱ्या एका बाईच्या जंतुसंसर्गावर साधा घरगुती उपाय केला म्हणून त्यांच्यावर विनापरवाना डॉक्टरकी केल्याचा खटला भरला गेला. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. 1973 साली न्यू यॉर्कमधल्या एका स्त्रीवादी परिषदेत कलावती बेटी डॉडसन यांनी बायकांच्या योनिमुखांच्या स्लाइड्स पडद्यावर दाखवल्या. कल्पना करा, सभागृहभर बसलेल्या प्रौढ, शिकलेल्या बायका, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणी ही गोष्ट उजेडात प्रथमच पाहत होत्या.

या प्रवासात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते ब्रिटिश फोटोग्राफर जो स्पेन्स यांचं काम. 1982 मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. शस्त्रक्रियेआधी त्यांनी स्वतःच्या स्तनावर 'ही जो स्पेन्सची मालमत्ता?' अशा अर्थाचे शब्द लिहिले आणि तसा फोटो काढून घेतला. ते प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. हॉस्पिटलात डॉक्टर खाटेशी येतात, बाईशी न बोलता तिच्या अवयवावर खूण करतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात, अशा वेळी हा अवयव नक्की कुणाचा, असा तो सवाल होता. पुढे रोझी मार्टिन यांच्यासोबत त्यांनी फोटोथेरपी नावाची पद्धत उभी केली. तिच्यात दोघी आळीपाळीने कॅमेऱ्यामागे आणि कॅमेऱ्यापुढे जायच्या, आणि समोर जी असेल तिनेच ठरवायचं की काय दाखवायचं, कसं बसायचं, कुठे थांबायचं. फोटोग्राफरने दिग्दर्शन करायचं नाही. आजच्या किती स्टुडिओंत हा नियम पाळला जातो? "हनुवटी वर, खांदा मागे, ओठ जरा विलग" या सूचना ऐकल्या की समजावं, इथे बाई समोर आहे पण मर्जी दुसऱ्याची चालू आहे.

इथेच त्या "किती सुंदर" प्रतिक्रियेचं घोडं पेंड खातं. या धंद्यातल्या जाहिरातींचा एक साचा आहे. आधीचा फोटो मलूल आणि बिनमेकअपचा, नंतरचा उजळ, केस उडणारे, त्वचा लोण्यासारखी. खाली मजकूर, 'स्वतःवर प्रेम करायला शिका'. आता हे कसलं प्रेम? पोटावरच्या पांढऱ्या रेषा पुसल्या, सिझेरियनचा व्रण पुसला, काखेतला काळसरपणा पुसला, आणि जे उरलं त्याला सांगितलं की तू सुंदर आहेस. बाई मूर्ख नसते. तिला बरोबर कळतं की आपल्याला वजाबाकी करून पास केलं आहे. घरी गेल्यावर आरशात दिसणारी ती आणि अल्बममधली ती, यांतलं अंतर आता तिच्याच नावावर जमा होतं. आजवर तुलना जाहिरातीतल्या मॉडेलशी होती, आता स्वतःशीच. आगीतून निघून फुफाट्यात.

रीटच केलेल्या, म्हणजे संगणकावर अशी पुसापुशी केलेल्या, जाहिरातींतल्या फोटोंवर तशी सूचना छापण्याचे कायदे काही देशांनी केले. इस्रायलने 2012 मध्ये केला, फ्रान्सचा 2017 मध्ये लागू झाला, नॉर्वेचा 2022 मध्ये. हेतू चांगला. पण अशा सूचनेचा परिणाम तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगांत असं दिसलं की सूचना वाचूनही फोटो पाहणाऱ्या बाईचं स्वतःबद्दलचं असमाधान कमी होत नाही. चित्र डोळ्यांत आधीच शिरलेलं असतं, खालची ओळ मागून येते. खोट्या चित्रावर 'खोटं' असा शिक्का मारून भागत नाही. खरी चित्रं, आणि भरपूर खरी चित्रं समोर असावी लागतात.

खऱ्या चित्रांचा दुष्काळ किती आहे याचं एक उदाहरण देते. 2005 साली लंडनच्या काही स्त्रीरोगतज्ज्ञांनी 50 बायकांच्या जननेंद्रियांची मापं घेऊन ती प्रसिद्ध केली. आतल्या भगोष्ठांची, म्हणजे योनिमुखाच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांची, लांबी कुणाची 2 सेंटीमीटर, कुणाची 10. रुंदी 7 मिलिमीटरपासून 5 सेंटीमीटरपर्यंत. एकीच्या पाचपट, सातपट दुसरीचं, आणि दोघी निरोगी. स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्नच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये 657 जणींची मापं प्रसिद्ध केली, तिथेही फरक असाच दांडगा. वैद्यकशास्त्राने हे इतक्या उशिरा का मोजलं, याचं उत्तर शास्त्रज्ञांनीच द्यावं. शिश्निकेची (क्लिटोरिसची) पूर्ण रचना, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या टोकामागे आत केवढा अवयव पसरला आहे, ती ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओ'कॉनेल यांनी 1998 साली शवविच्छेदनातून नीट मांडली आणि पाठ्यपुस्तकांतली वर्णनं किती तोकडी आहेत हे दाखवलं. माणूस चंद्रावर जाऊन तोवर जवळपास तीस वर्षं झाली होती.

दरम्यान, ज्या बाईने स्वतःशिवाय दुसरी कुणी पाहिलेली नाही, आणि स्वतःलाही नीट पाहिलेलं नाही, तिच्या डोळ्यांसमोर नमुना कुठला? पॉर्नमधला किंवा आकृतीतला. दोन्ही ठिकाणी सगळं आखीव, छोटं, एकसारखं. मग ती डॉक्टरकडे जाऊन विचारते, "माझं बरोबर आहे ना?" आणि कुठेतरी कुणीतरी तिला शस्त्रक्रियेचं माहितीपत्रक देतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या एका महिला आरोग्य संस्थेने 2013 मध्ये लेबिया लायब्ररी (लेबिया म्हणजे भगोष्ठ) नावाचा उपक्रम सुरू केला तो यासाठीच. रीटच न केलेले, साधे, वेगवेगळ्या बायकांचे फोटो आणि सोबत चार ओळींची माहिती. सजावट नाही, मादकपणा नाही. ब्रिटिश शिल्पकार जेमी मॅकार्टनी यांनी त्याआधी 400 बायकांच्या योनिमुखांचे प्लास्टरचे साचे घेऊन ते ओळीने मांडले होते. भिंतभर पसरलेले ते पांढरे साचे बघताना पहिल्या दहाबारांत माणूस बिचकतो. पुढे नजर निवते आणि फरक बघण्यात गुंतते. शंभरावर पोचेपर्यंत 'नॉर्मल' कुठलं, या प्रश्नातली हवाच जाते.

ब्रिटिश फोटोग्राफर लॉरा डॉड्सवर्थ यांनी शब्दांची जोड देऊन हेच पुढे नेलं. 2015 साली त्यांनी 100 बायकांच्या स्तनांचे फोटो आणि त्यांचं मनोगत असं पुस्तक काढलं, 2019 मध्ये 100 जणींच्या योनिमुखांचं. फोटोत चेहरा नाही, बाजूला त्या बाईचं स्वतःचं बोलणं. बाळंतपण, आजार, सुख, बलात्कार, म्हातारपण, सगळं त्यात येतं. फोटो पाहून माणूस थबकतो, पण पान उलटताना डोक्यात राहतं ते बोलणं.

एक आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. तो सोवळ्या लोकांचा नाही, स्त्रीवादी अभ्यासकांचा आहे. त्या म्हणतात, बाईला लहानपणापासून स्वतःकडे बाहेरून बघायला शिकवलं जातं, आणि तिला आणखी एक कॅमेरा देऊन तुम्ही तीच सवय पक्की करता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. विद्यार्थी-विद्यार्थिनींना एकेकट्याने खोलीत जाऊन आरशासमोर स्विमसूट किंवा स्वेटर घालायला सांगितलं आणि तो अंगावर असतानाच गणितं सोडवायला दिली. स्विमसूट घातलेल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्यांपेक्षा जास्त चुकली. मुलांमध्ये तसा फरक पडला नाही. खोलीत बघणारं कुणीही नव्हतं! बघणारा तिच्या डोक्यातच बसलेला होता आणि तिची बुद्धी खात होता.

तेव्हा प्रश्न असा, की फोटो त्या बघणाऱ्याला घराबाहेर काढतो की त्याला बसायला खुर्ची देतो? माझं उत्तर, दोन्ही शक्य आहे, आणि कोणतं घडेल हे खोलीत काय बोललं जातं त्यावर अवलंबून आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांच्या एका प्रयोगात 51 जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट कपड्यांशिवाय एकमेकांशी गप्पा मारत बसला, दुसरा कपड्यांत. कपड्यांशिवाय बसलेल्यांना नंतर स्वतःचं शरीर जास्त आपलंसं वाटलं, आणि त्याचं कारण म्हणजे लोक आपल्या अंगाला नावं ठेवतील ही धास्ती कमी झाली. नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञ जेसिका अलेवा यांनी आणखी साधी वाट धरली. शरीर काय काय करतं, हे बायकांना लिहायला लावलं. चालतं, भरून येतं, मिठी मारतं, पचवतं. दिसण्याबद्दल एक शब्द नाही, आणि तरी दिसण्याबद्दलचं समाधान वाढलं. हे प्रयोग फोटोग्राफीचे नाहीत, पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. गुण कौतुकाला नाही. दुसऱ्यांची साधी शरीरं पाहण्याला आहे, आणि आपल्या शरीराविषयी वेगळ्या भाषेत बोलण्याला.

ही भाषा म्हणजे काय, ते जवळून दाखवते. फोटो काढून झालेत, बाई स्क्रीनसमोर बसली आहे. अंगात पुन्हा कपडे आहेत, हातात पाण्याचा ग्लास. पहिला फोटो उघडतो आणि ती लगेच म्हणते, "शी, पोट बघ कसं लोंबतंय." इथे साधारण फोटोग्राफर म्हणतो, "छे, काहीतरीच! मस्त दिसताय." या उत्तराने दार बंद होतं. तिने एक मत दिलं, त्याने उलट मत दिलं, आणि ती मनात म्हणाली, हा तर पैसे घेतो, हा असंच म्हणणार. त्याऐवजी कुणी शांतपणे विचारलं, "लोंबतंय म्हणजे नक्की काय दिसतंय, ते सांगाल?" तर ती अडखळते. मग सांगू लागते. बेंबीच्या खाली त्वचेला आडवी घडी आहे. घडीवर पांढुरक्या रेषा आहेत, डावीकडे जास्त. खाली टाक्यांची ओळ, ती आता फिकट झाली आहे. "डावीकडे जास्त का असतील?" "मुलगा त्या बाजूला असायचा. सारखी लाथ तिकडेच मारायचा." आणि ती हसते.

पोट तेच आहे. 'लोंबतंय' हा निकाल होता, आता तिथे वर्णन आलं, आणि त्या वर्णनामागून आठवण आली. शरीराविषयी तीव्र नावड असलेल्यांसाठी मानसोपचारात आरशाचा उपचार असतो, त्यातही हेच करतात. डोक्यापासून पायापर्यंत, एकही भाग न गाळता, शिवी आणि स्तुती दोन्ही टाळून, जे दिसतं ते सांगायचं. सुरुवातीला फार जड जातं. फोटोग्राफर हा उपचारक नव्हे आणि त्याने तसा आव आणू नये. खाण्याचा विकार किंवा अत्याचाराची जखम असेल तिथे त्याने योग्य माणसाकडे बोट दाखवून थांबावं. पण बोलायची ही रीत कुणालाही शिकता येते. मैत्रिणीला, बहिणीला, नवऱ्यालाही. नवऱ्यांना तर शिकवायलाच हवी. 'छान दिसतेस' हे वाक्य एका जागी ठोकलेल्या खिळ्यासारखं वापरतात ते.

या बोलण्याचा दुसरा फायदा निव्वळ आरोग्याचा आहे. ज्या अवयवाचं नाव तोंडातून निघत नाही त्याची तक्रारही निघत नाही. "खाली त्रास होतोय" एवढ्यावर डॉक्टरने काय समजायचं? लघवीची जळजळ, योनीची खाज, मूळव्याध, अंग बाहेर येणं, सगळं 'खालीच' असतं. आणि स्वतःचे स्तन कसे दिसतात हेच माहीत नसेल तर त्यांत झालेला बदल कळणार कसा? त्वचा आत ओढली गेली, बोंड वळलं, एका जागी संत्र्याच्या सालीसारखी खडबड आली, हे आधीचं चित्र डोक्यात असलेल्या बाईलाच दिसतं.

अश्लीलतेचा आक्षेप मी इतक्या उशिरा घेतला, कारण त्यात दम कमी आहे. अत्तर विकायला उघडी पाठ चालते, मोटार विकायला मांडी चालते. 1993 च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीने मटुश्का या कलावतीने काढलेला स्वतःचाच फोटो मुखपृष्ठावर छापला. पांढरा पोशाख, उजवी बाजू कापलेली, आणि स्तन काढल्याचा व्रण समोर. संपादकांकडे पत्रांचा पाऊस पडला, आभाराचा आणि संतापाचाही. पुढे फेसबुक असेच व्रणांचे फोटो नग्नता म्हणून काढून टाकत राहिलं; बायकांनी सह्यांची मोहीम चालवल्यावर 2013 मध्ये त्याने आपला नियम खुलासेवार मांडला. खपवायला काढलेलं शरीर सभ्य आणि जगलेलं शरीर असभ्य, असा हा हिशोब आहे. त्याच्याशी किती वेळ वाद घालायचा?

धोक्याचा मुद्दा मात्र खरा आहे. खासगी फोटो बाहेर फुटला तर होणारं नुकसान बाईच सोसते. म्हणून कॅमेऱ्याला हात लावण्याआधी काही गोष्टी कागदावर हव्यात. मूळ फाइल कुणाकडे राहणार, किती दिवस, जाहिरातीत वापरायची परवानगी आहे की नाही, दिलेली परवानगी मागे कशी घ्यायची. 'सहमती आहे' असं एकाच सहीत सगळं उरकणाऱ्याकडे जाऊ नये. फोनवर काढलेला फोटो आपोआप क्लाउडवर चढू शकतो, त्यात जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते, मेमरी कार्डावरून पुसलेला फोटो अनेकदा परत मिळवता येतो, आणि चेहरा नसला तरी तीळ, टॅटू, मागचा पडदा ओळख देतात. हे तिला सांगणं फोटोग्राफरचं कर्तव्य आहे. सवलतीच्या बदल्यात फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची मुभा मागणाऱ्यांचा मला राग येतो. उघडी बसलेली बाई अशा क्षणी 'नाही' म्हणू शकेल, हे त्यांनी गृहीत तरी कसं धरलं? आणि अठरा वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत चर्चाच नको. त्यांच्याशी बोला, आकृत्या दाखवा, पण फोटो कुठल्याही कारणाने नाही.

तरीही 'फोटो काढूच नका म्हणजे भानगड नको' हा सल्ला आता जुना झाला. कपड्यातल्या साध्या फोटोवरून नग्न चित्र बनवणारी साधनं आलेली आहेत. धमकी द्यायला खरा फोटो लागतच नाही. 2021 साली सुरू झालेली स्टॉप एनसीआयआय ही संमतीविना पसरवले जाणारे खासगी फोटो रोखणारी सेवा तुमच्याच फोनवर चित्राची सांकेतिक खूण तयार करते, चित्र स्वतः कुठेही जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते आपल्या मंचावर अडवू शकतात. उपयोगी आहे, पण तंत्राने अर्धंच काम होतं. ब्लॅकमेल करणाऱ्याचं सगळं भांडवल बाईची लाज हे असतं. ती लाज ज्या प्रमाणात उतरते त्या प्रमाणात त्याचा धंदा बसतो.

आणि जिला हे काही नको असेल, तिचं काय? तिला नकोच असू दे. 'शरीरावर प्रेम करा' हाही अलीकडे एक गृहपाठ होऊन बसला आहे, आणि तो पुरा झाला नाही म्हणून वाईट वाटून घेणाऱ्या बायका मी पाहते. आधी जाड म्हणून अपराधी, आता जाडीवर प्रेम जमत नाही म्हणून अपराधी. दुखणाऱ्या सांध्यांवर किंवा दर महिन्याला आडवं पाडणाऱ्या पाळीवर रोज उठून प्रेम कोण करणार? शरीराशी बोलाचाली असावी, रुसवा नसावा, आणि बाकी वेळ त्याचा विसर पडून कामात लक्ष लागावं, इतकं जमलं तरी पुष्कळ झालं.

म्हणूनच मला वाटतं की हा सगळा प्रकार स्टुडिओच्या हवाली करून मोकळं होऊ नये. स्टुडिओला अल्बम विकायचा असतो. एखादी बाई आली, तासभर बोलली, दुसऱ्यांचे फोटो पाहिले आणि माझा नको म्हणून परत गेली, तर माझ्या दृष्टीने काम फत्ते झालं. त्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक गेलं. अशा फोटोंची खरी जागा दवाखान्यांत आहे. प्रसूतिगृहात बाळंतिणीला सहा आठवड्यांनंतरची, सहा महिन्यांनंतरची दहावीस खरी पोटं दाखवता आली पाहिजेत, ज्यांची आहेत त्यांच्या चार ओळींसकट. कर्करोगाच्या विभागात तर याची तातडी आहे. स्तन काढल्यावर पुनर्रचना करायची की छाती सपाट ठेवायची, हे बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या आधी ठरवावं लागतं. छाती नीट, सफाईने सपाट करून देण्याच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 2020 साली आपल्या शब्दकोशात स्वतंत्र नोंद दिली, म्हणजे हा पर्याय सर्जनने बाईपुढे बरोबरीने ठेवायलाच हवा. घाबरलेल्या बाईला हा निर्णय आकृतीवरून आणि डॉक्टरच्या दोन वाक्यांवरून घ्यायला लावू नये. तिच्यासमोर दोन्ही प्रकारच्या, वेगवेगळ्या वयांच्या आणि अंगकाठीच्या बायकांचे रीटच न केलेले फोटो असावेत, आणि शेजारी बसून "यांतलं काय दिसतंय तुम्हाला?" असं विचारायला एक परिचारिका, जिला पुढचा पेशंट यायच्या आत उठायची घाई नाही.